माशाला मामा बनवायची कला

बाहेर उणे वीस डिग्री. समोरचा तलाव गोठून टणक झालाय. ऑफिसला सुट्टी. अशा दिवशी तुम्ही काय कराल? रजई डोक्यावरून ओढून घ्याल आणि फोन सायलेंटवर टाकाल, बरोबर?

अमेरिकेतल्या मिनेसोटा, मिशिगन, विस्कॉन्सिन या भागातली बरीच मंडळी अशा दिवशी उठून तलावावर जातात. चालत नाही तर चक्क गाडीने, कारण बर्फाचा थर तेवढा जाड असतो. मग बर्फात टेबलाएवढं भोक पाडायचं, त्यावर एक छोटं खोपट ठेवायचं, दार लावून आत मिट्ट काळोख करायचा आणि हातात भाला घेऊन पाण्याकडे बघत बसायचं. तासन्‌तास. टीव्ही नाही, गप्पा नाहीत, बॉस नाही. शेवटचा मुद्दा वाचून तुमच्यातल्या काहींचे डोळे चमकले असतील.

यामागचा फंडा मात्र सॉलिड आहे. खोपटात काळोख असतो, पण बाहेर बर्फावर ऊन पडलेलं असतं. तो उजेड बर्फातून झिरपत खाली उतरतो आणि पाणी हिरवट उजळून निघतं. अंधाऱ्या थिएटरात पडदा दिसतो ना, तसं ते भोक दिसतं, फक्त पडदा पायाशी. तुम्हाला मासा स्वच्छ दिसतो, माशाला मात्र वर नुसता काळोख. सिनेमातल्या पोलिसांकडे एकाच बाजूने दिसणारी काच असते, तिचीच ही गावठी आवृत्ती.

आता मासा त्या भोकाखाली येणार कशाला? त्याला बोलवावं लागतं. इथे एन्ट्री होते आपल्या आजच्या हिरोची. त्याचं नाव डिकॉय.

ना गळ, ना गांडूळ

डिकॉय म्हणजे लाकडाचा खोटा मासा. वीतभर लांब, वरून रंगवलेला, पत्र्याचे पंख लावलेला. पाण्यात बुडावा म्हणून पोटात शिसं ओतलेलं. तो दोरीला बांधून भोकातून खाली सोडतात आणि वरून हलके झटके देतात. पंख आणि शेपूट थोडी वाकवलेली असतात, त्यामुळे प्रत्येक झटक्याला तो गोल गिरकी घेतो. खालून जाणारा पाइक नावाचा दांडगा शिकारी मासा बघतो, की आपल्या एरियात हा कोण नवा आलाय? कधी भुकेपोटी, कधी नुसती दादागिरी करायला तो जवळ येतो. वरून भाला सुटतो. खेळ खल्लास.

यातली गंमत अशी, की डिकॉयला गळ नसतो. आमिष मासा खातो तरी, डिकॉय नुसता दिसतो. म्हणजे ही शुद्ध बनवाबनवी. आणि म्हणूनच तो घडवणाऱ्याचा कस लागतो. पोहण्यात जरा जरी खोट असली, तर मासा ढुंकून बघत नाही.

मिशिगनमधल्या कॅडिलॅक गावचा ऑस्कर पीटरसन (१८८७-१९५१) या कलेतलं मोठं नाव. त्याने आयुष्यभरात हजारोंनी असे मासे कोरले आणि किरकोळ भावात विकले. घेणाऱ्यांनी ते वापरले, हरवले, तलावाच्या तळाशी घालवले. आज त्यातला एखादा लिलावात निघाला, तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात. बदकांच्या डिकॉयची तर बातच सोडा. एल्मर क्रॉवेल या कारागिराचे दोन लाकडी पक्षी २००७ मध्ये प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला गेले. तेव्हाच्या हिशेबाने एका पक्ष्याचे साडेचार कोटी रुपये! तेवढ्यात त्या काळी पनवेलला अख्खी बिल्डिंग उभी राहिली असती.

ही बनवाबनवी किती जुनी? नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये लव्हाळ्याची बदकं सापडली. ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. कुणीतरी ती नीट गुंडाळून ठेवली होती, पुढच्या सीझनला लागतील म्हणून. आपण दिवाळीचा कंदील माळ्यावर ठेवतो, तसं.

पनवेलला बर्फ कुठे?

मासळी बाजारात. आपल्याकडे बर्फ मासा मेल्यावर लागतो, आधी नाही.

पण थांबा. भाला, काळोख, उजेड आणि दबा धरून बसलेला माणूस, हे सगळं पनवेलमध्येही आहे. फक्त सीझन उलटा. तिकडे हाडं गोठवणारा फेब्रुवारी, इकडे चिंब भिजवणारा जून. तिकडे पाणी गोठलं की खेळ सुरू, इकडे पाणी सुटलं की. या आपल्या खेळाचं नाव वलगण.

कामोठे, खारघर, कळंबोलीच्या टॉवरमध्ये राहून रोज सकाळी लोकल पकडणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा शब्द ऐकलाय? ऑफिसात पनवेल, उरण, पेण, कर्जत भागातला एखादा आगरी किंवा कोळी कलीग असेल, तर त्याच्यासमोर फक्त ‘वलगण’ म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. लंच टाइम संपेल, त्याच्या गोष्टी संपणार नाहीत.

वलगण म्हणजे पहिल्या जोरदार पावसातली माशांची चढण. उन्हाळाभर नदीच्या डोहात, ओढ्याच्या उरल्यासुरल्या डबक्यात तग धरून राहिलेले गोड्या पाण्यातले मासे पहिल्या पुराची चाहूल लागताच प्रवाहाच्या उलट निघतात. ओढ्यातून नाल्यात, नाल्यातून बांधाच्या फटीतून थेट भातशेतात. शिंगटी, मरळ, वाम, जोडीला मुठे. कारण एकच, अंडी घालायची असतात. शेतातलं पाणी उथळ, कोमट, शेवाळ आणि बारीक किड्यांनी भरलेलं. मोठे शिकारी मासे तिथे फारसे येत नाहीत. थोडक्यात, पिल्लांसाठी यापेक्षा चांगलं पाळणाघर नाही.

मरळ तर या गँगमधला खरा हिरो. तो वर येऊन हवेतला श्वास घेतो, त्यामुळे चिखलातही टिकून राहतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत थोडं अंतरही कापतो. पिल्लं झाल्यावर आईबाप दोघं मिळून पहारा देतात. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसला, तर खाली पालक हजर आहेत असं समजायचं. एवढं पॅरेंटिंग आपल्या सोसायटीतही सगळे करत नाहीत.

आणि याच वेळी बांधावर माणूस उभा असतो. रात्रीची वेळ, पाऊस, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी नाही तर कोयता. पूर्वी बॅटरीच्या जागी गॅसबत्ती असायची, त्याही आधी पेटती चूड. उजेड पडला की मासा क्षणभर थबकतो. तेवढा क्षण पुरतो. कुणी पाग फेकतं, कुणी बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावून ठेवतं. हा सापळा नीट बघा एकदा. तोंड मोठं, आत निमुळत्या काड्या अशा बसवलेल्या, की मासा आत जाऊ शकतो, पण बाहेर येताना त्याच काड्या टोचतात. स्क्रू नाही, खिळा नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्याला जे जमलं नाही, ते कुणीतरी ओटीवर बसून विणलेलं असतं.

उजेडाचा तलाव

आता एक भन्नाट योगायोग. विस्कॉन्सिनमध्ये लॅक द्यू फ्लॅम्बो नावाचं गाव आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांनी दिलेल्या या नावाचा अर्थ ‘मशालीचा तलाव’. तिथले ओजिब्वे आदिवासी रात्री होडीत मशाल पेटवून भाल्याने मासे मारायचे, ते बघून हे नाव पडलं. हिवाळ्यात हेच लोक बर्फाला भोक पाडून, लाकडी डिकॉय सोडून मासे पकडत. त्या गावातले डिकॉय आज संग्राहकांच्या यादीत खूप वरच्या नंबरवर आहेत. म्हणजे गाढी नदीकाठचा चूड घेतलेला माणूस आणि तिकडचा मशालवाला, दोघांची कधी भेट नाही, पण दोघांना एकच आयडिया सुचली.

ओजिब्वेंना मात्र या मशालीसाठी लढावं लागलं. १८३७ आणि १८४२ च्या करारांमध्ये त्यांनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे सरकार ते विसरलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर काही वर्षं वसंतात त्यांच्या होड्या निघाल्या, की धक्क्यावर गोरा जमाव शिव्या द्यायला, दगड मारायला जमायचा. त्याच काळात दुकानांमध्ये त्यांच्याच डिकॉयच्या किमती चढत होत्या. वस्तू हवी, ती घडवणारा माणूस नको. हा सीन आपल्यालाही नवा नाही. हॉटेलच्या भिंतीवर शोभेला लावलेली कोळ्याची जाळी आणि ‘मासळीचा वास येतो’ म्हणून सोसायटीच्या गेटवर अडवलेली कोळीण, हे आपल्याच शहरातले दोन फोटो आहेत.

गाभोळीचा हिशेब

वलगणीच्या गोष्टी ऐकताना तोंडाला पाणी सुटतं, त्याला कारण गाभोळी. अंड्यांनी भरलेली मासळी म्हणजे चवीची परमावधी, बाजारातही तिला भाव. पण हिशेब करून बघा. वलगणीत वर चढणारा मासा अंडी घालायलाच चढतोय. तो अंडी घालायच्या आधीच कढईत गेला, तर एक मासा कमी होत नाही, पुढची अख्खी बॅच कॅन्सल होते.

जुनी माणसं म्हणतील, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वलगण केली, मासे कुठे संपले? त्यांचंही बरोबर आहे. तेव्हा मैलोगणती शेतं होती आणि बांधावर चार माणसं. दहा मासे पकडले, तर शंभर पुढे जायचे. आता शेतं कमी आणि बांधावर गर्दी. गावातले, शहरातले, रील बनवायला आलेले, सगळे एकाच ओढ्यावर. त्यात काहीजण पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, करंट सोडतात. ती मासेमारी नव्हे, दरोडा. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. म्हणजे इंग्रजांच्या काळात जे कळलं होतं, ते आपल्याला अजून कळायचंय.

आणि शेतं तरी कुठे राहिली? पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, पण शहर त्याआधीच पसरायला लागलं होतं. विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली. आपल्यापैकी अनेकांनी त्या विमानातून गोव्याला जायचे प्लॅनही केलेत, त्यात गैर काही नाही. तळोज्याच्या बाजूला कासाडी नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने बदनाम झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथे निळी झालेली कुत्री फिरताना दिसली, तो फोटो जगभर गेला. कुत्रं निळं झालं तर फोटो निघतो. त्या पाण्यातल्या माशाचं काय झालं, हे विचारायला कुणी जात नाही, कारण मासा दिसतच नाही.

उजेडाची ट्रिकही आता फार मोठी झालीय. ओजिब्वेंची मशाल, आपली चूड, मग गॅसबत्ती आणि आता समुद्रात बोटींवर लावलेले एलईडीचे झगझगीत दिवे. उजेडाला भुलून माशांचे थवेच्या थवे येतात आणि जाळ्यात जातात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार थांबलेली नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावर तर याहून हुशार प्रकार झाला. नारळाच्या झाडाच्या पेंढ्या बांधून समुद्रात सोडायच्या. माकुलाला वाटतं, अंडी चिकटवायला मस्त जागा मिळाली. ती येते आणि पकडली जाते. म्हणजे खोटा मासा नाही, खोटं पाळणाघरच! तिथेही विरोध झाला, बंदी आली. मामा बनवायलाही लिमिट असते.

मग खेळच बंद करायचा?

नाही ना. इथे विस्कॉन्सिनच्याच विनेबेगो तलावाची गोष्ट सांगायलाच हवी. तिथे स्टर्जन नावाचा राक्षसी मासा राहतो. २०१० मध्ये मिळालेला एक नग २१२ पौंडांचा, म्हणजे ९६ किलोंचा होता. या माशाची मादी वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत अंडीच घालत नाही. अति मासेमारीने तो संपत आला, तेव्हा १९१५ मध्ये बंदी आली. १९३० च्या दशकात बर्फावरची भालेमारी पुन्हा सुरू झाली, पण नियम लावून. आज तिथे दर फेब्रुवारीत जास्तीत जास्त सोळा दिवस परवानगी मिळते. एका परवान्यावर एकच मासा. छत्तीस इंचांपेक्षा लहान असेल तर हात लावायचा नाही. मारलेला मासा त्याच दिवशी नोंदवायचा. सगळ्यात भारी नियम असा, की मोठ्या माद्यांचा कोटा वेगळा मोजला जातो आणि तो भरत आला, की सगळ्यांचाच सीझन बंद होतो. पुरुषांचा कोटा शिल्लक आहे वगैरे सबबी चालत नाहीत.

परिणाम? दरवर्षी दहा हजारांहून जास्त लोक परवाना काढतात आणि तरीही तो तलाव जगातल्या मोठ्या स्टर्जन-साठ्यांपैकी एक आहे. तिथले डिकॉयही भारी असतात. लोक रंगवलेल्या लाकडी माशांपासून बोलिंगच्या पिनपर्यंत काहीही सोडतात. तो डिकॉय बापाकडून मुलीकडे जातो आणि ती पुढच्या फेब्रुवारीत तो वापरते. शोकेसमध्ये ठेवत नाही.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. पक्ष्यांची बाजारासाठी होणारी कत्तल अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने थांबवली आणि मग रिकाम्या झालेल्या लाकडी बदकांना संग्राहकांचा भाव आला. अँटिकचा भाव वाढतो, तो त्या वस्तूचं काम संपल्यावर. विनेबेगोत मासा टिकला, म्हणून वस्तूचं कामही टिकलं. आपल्या बांबूच्या सापळ्याला कुणी उद्या एक लाख रुपये दिले, तर मला आनंद होणार नाही. त्याचा अर्थ वलगण संपली, एवढाच असेल.

तोवर जपायला मात्र हरकत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) अडकित्ते, दिवे, फण्या, भांडी असल्या घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असणार. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ मध्ये ते सरकारच्या स्वाधीन केलं. आज आपण तिकीट काढून अडकित्ते बघतो. गावच्या माळ्यावर पडलेला पाग आणि तो सापळा त्याच रांगेतले आहेत. फक्त त्यांचे केळकर अजून भेटायचेत.

ट्राय करायचंय? मग हे वाचा

बघायला जा, मारायला नको. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पनवेलच्या आतल्या गावात ओळखीच्या माणसाबरोबर बांधावर जा. अनोळखी ओढ्यात रात्री उतरायचा शहाणपणा करू नका. पाणी मिनिटांत चढतं.

पकडणाऱ्यांबरोबर असाल, तर पोट फुगलेली मादी परत सोडायला सांगून बघा. निदान पहिले दोन-तीन दिवस मासे वर जाऊ द्यावेत, एवढं तरी बोला. ऐकणारे असतात.

विष, करंट दिसला तर व्हिडिओ काढून स्टेटसला टाकण्याआधी पोलिसांना आणि मत्स्य विभागाला कळवा.

जमवायचं असेल, तर घरापासून सुरू करा. आजोबांचा पाग, सापळा, गॅसबत्ती. प्रत्येक वस्तूबरोबर चार ओळी लिहा: कुणी केली, कुठे वापरली, काय पकडलं. गोष्ट नसलेली वस्तू म्हणजे नुसती अडगळ.

चोर बाजारात घेताना ‘शंभर वर्षं जुनं’ हे वाक्य ऐकलं, की सावध व्हा. बहुतेक वेळा ते खोटं असतं. आणि खरं असलं, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या मित्राला गिफ्ट म्हणूनही नाही.

नवा सापळा विणून घ्या. जुना शोधण्यापेक्षा हे सोपं आणि जास्त कामाचं. विणणारा कारागीर सापडला, तर घासाघीस न करता पैसे द्या. भिंतीवर लावा हवं तर. पण पाहुण्यांनी ‘हा लॅम्पशेड आहे का?’ असं विचारलं, की त्यांना बसवून वलगण म्हणजे काय, ते सांगा. पूर्ण सांगा, गाभोळीसकट.